संकटकाळची शिदोरी



मुंबईस अन्न पुरविणारे मोठे कोठार आज खाडीच्या पूर्वेस, नवी मुंबईत तुर्भ्यास आहे. दाणाबंदर, मसाला, कांदा-बटाटा, फळे व भाजी यांचे घाऊक बाजार मुंबई बेटावरच्या अरुंद गल्ल्यांतून उठले आणि १९८० नंतरच्या दीड दशकात एकामागून एक येथे वसले. लक्षावधी लोकांचे धान्य जेथून जाते त्या गोदामांपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात मात्र आठवड्यापुरताच शिधा असतो. कोठीघर, माळा, पडवी हे शब्द त्या सदनिकेच्या नकाशात नाहीत. जे हवे ते दाराशी येते, ते येईल असा विश्वास असतो, आणि बहुतेक दिवशी तो खराही ठरतो. ज्या थोड्या दिवशी तो खरा ठरत नाही, त्या दिवसांसाठी आपल्या पूर्वजांनी काय योजले होते आणि आपण काय योजावे, याचा थोडा ऐतिहासिक विचार आज करावयाचा आहे.

ज्या भूमीवर हे शहर उभे आहे तेथील मूळच्या आगरी-कोळी वस्तीला हा विचार नवा नव्हता. कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीस ‘आगोट’ म्हणतात. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी तांदूळ, मीठ, चिंच, मिरची, सरपण यांची भरती व्हावयाची; कोळ्यांच्या अंगणात बोंबील, जवळा, वाकटी आणि सोडे उन्हात वाळावयाचे. एकदा दर्या खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत होडी बाहेर पडणार नाही, हे ज्याला ठाऊक, तो उन्हाळ्यातच पावसाळा जेवून घेतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या नगराची आखणी झाली, मिठागरे व शेते गेली. आगोटीची रीत जुन्या गावठाणांत राहिली, इमारतींत मात्र चढली नाही.

बेगमी आणि शिदोरी यांत एक भेद आहे, तो आरंभीच ध्यानी घ्यावा. बेगमी म्हणजे साठविलेले धान्य. त्याला जाते हवे, चूल हवी, पाणी हवे. शिदोरी म्हणजे सिद्ध अन्न. गाठ सोडली की तोंडात घालता येते. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, लाह्या, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, सातूचे पीठ, पोहे ही आपली जुनी सिद्ध अन्ने. सुदाम्याने द्वारकेस नेले ते पोहेच होते, आणि त्यात दारिद्र्याइतकाच व्यवहारही होता. भात भिजवून, भाजून, कांडून पोहे होतात. म्हणजे त्यांना अग्निसंस्कार आधीच झालेला असतो. थंड पाण्याचा हबका त्यांना पुरतो. संकट चार महिन्यांचे असेल तर बेगमी तारते. चार दिवसांचे असेल आणि चूलच पेटत नसेल, तर शिदोरी तारते. या दोहोंची गल्लत झाली की भरल्या डब्यांच्या घरातही उपास घडतो.

साठ्याविषयी मराठीतला एक फार मोलाचा कागद शिवछत्रपतींच्या नावाने आहे. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेले हे पत्र १६७३ सालचे म्हणून ओळखले जाते. पावसाळा तोंडावर आलेला. दाणा व वैरण मोठ्या प्रयासाने जमविलेली. महाराज बजावतात की, आहे तोवर मन मानेल तसे खर्चू लागाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, उपास पडतील आणि घोडी मरतील. मग शिपाई रयतेच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी भाजी आणू लागतील; जी रयत जीव धरून राहिली आहे ती पळू लागेल, आणि तिला हे लष्कर मोगलांहून वाईट वाटेल. म्हणून जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेस काडीचाही उपद्रव देऊ नये. पत्रात बारीकसारीक सावधगिरीही आहे. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, कोणी रात्री दिवा जळता ठेवील. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल, आणि सारा साठा एका रात्रीत भस्म होईल.

एका राज्यकर्त्याने उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करावा, यातच त्याचे मोठेपण आहे. या पत्रात साठ्याचे तीन नियम सापडतात. साठा मोजून खर्चावा. साठ्याचे रक्षण शत्रूपासून करावे तसे आग, ओल व उंदीर यांच्यापासूनही करावे. आणि आपल्या गैरशिस्तीची भूक शेजाऱ्याच्या दारी नेऊ नये. पुढे जे सांगावयाचे आहे ते या तीन नियमांचेच विवरण होय.

दुसरा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या राजनीतिग्रंथात दुर्गाचे प्रकरण आहे, आणि त्यात तटाबुरुजांइतकीच काळजी पाण्याची व कोठारांची केली आहे. गडावर एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण झुंजाच्या वेळी तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून खडक फोडून टाकी करावी व ते पाणी जपावे. धान्याच्या घरांस अग्नी, उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव होऊ नये अशी दगडाची व चुनेगच्चीची जमीन करावी. एका झऱ्यावर विसंबू नये, हे वाक्य आजच्या गृहस्थाने नळाकडे पाहून आठवावे. वीज गेली की पंप थांबतो. पंप थांबला की गच्चीवरची टाकी कोरडी पडते. आणि दहाव्या मजल्यावरचे घर पाण्याविना गड होऊन बसते.

कोठारांचे भव्य उदाहरण पन्हाळगडावर आजही पाहावयास मिळते. अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठ्या तेथे उभ्या आहेत. त्यांपैकी एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. १६६० साली सिद्दी जौहराने या गडास वेढा घातला आणि तो सुमारे चार महिने चालला. गड लढत राहिला याचे श्रेय शौर्यास जसे आहे तसे या कोठारांसही आहे. तरीही महाराज जुलै महिन्यात पावसाळी रात्री गडाबाहेर पडले. भरलेली कोठारे वेळ मिळवून देतात. त्या वेळात सुटकेचा मार्ग शोधावयाचा असतो. घरच्या साठ्याचेही कार्य तेवढेच.

याच्या उलट बाजूचे दुःखद स्मरण पानिपताचे. १७६० च्या नोव्हेंबरात सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतास अडकली. लढवय्यांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले असा मोठा समुदाय होता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा मुख्य आधार तुटला. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य रणांगणी उतरले ते उपासांनी खंगलेले होते. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, हा निर्धार वीरोचित खरा; परंतु तो करावा लागला, कारण रसद एकाच वाटेवर अवलंबून होती आणि खाणारी तोंडे मोजलेली नव्हती.

आता राजवाड्यांकडून शेतकऱ्याच्या घराकडे वळू. देशावर ज्वारी साठविण्यासाठी पेव खणीत. कठीण मुरमाड जमिनीत अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा घ्यावयाचा, आतून कडबा लावावयाचा, धान्य भरून तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपावयाचे. आतले धान्य श्वसन करते, त्यामुळे कोंडलेल्या हवेतील प्राणवायू संपतो आणि किडे जगत नाहीत. म्हणूनच पेव उघडताच आत उतरणे प्राणघातक असते. बराच वेळ तोंड उघडे ठेवून दूषित हवा जाऊ द्यावी लागते. हवाबंद डब्याचे आजचे शास्त्र आमच्या शेतकऱ्याने जमिनीत राबविले होते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आजही आपण वापरतो. त्यातले पेव मात्र पुष्कळांनी पाहिलेले नसते.

परंतु साठा किती आहे याइतकेच तो कोठे आहे हेही महत्त्वाचे. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठविण्याची पेवे प्रसिद्ध होती. जमिनीखालची ही जागा उष्णतेपासून व किडीपासून सुरक्षित. पण २००५ च्या महापुरात पाणी त्यांत शिरले आणि मोठी हानी झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर आणि त्यांच्या कणग्यांवर एकदमच कोसळल्या. पुरात तळघर बुडते, भूकंपात माळा पडतो. म्हणून सारे एकाच जागी ठेवू नये, हे शहाणपण.

घरच्या साठ्याची मर्यादाही इतिहास दाखवितो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनच्या शेतकऱ्याची पेवे रिती झाली, तेव्हा प्रश्न सरकारी दुष्काळी कामांवर येऊन ठेपला. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे दैनिक धान्य एका पौंडावर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमवर आणण्याचा प्रयोग केला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास ते पुरेना. मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ज्या संकटाची मुदत महिन्यांनी मोजावयाची, त्यात घरचा डबा पुरत नाही. तेथे राज्यसंस्थेचे कर्तव्य सुरू होते.

तसेच केवळ राज्यसंस्थेच्या कोठारावर विसंबणेही बरे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि मनुष्यहानीबरोबर गोदामांतील सुमारे ५०,००० टन धान्य नष्ट झाले. ज्या शहरात मोजून धान्य मिळत होते, त्याचे धान्य एका दुपारी जळाले. उंदराच्या तोंडातल्या वातीची ती महाकाय आवृत्ती म्हणावी.

आता शिदोरीच्या नव्या रूपाकडे येऊ. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने काचेच्या बाटलीत अन्न कोंडून उकळण्याची कृती सिद्ध केली व १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँकांचे पारितोषिक मिळविले. सैन्याच्या शिदोरीचा प्रश्न त्यामागे होता. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरंडने अशा अन्नासाठी धातूच्या डब्याचा हक्क नोंदविला. अन्न का टिकते हे मात्र पुढे पाश्चराच्या संशोधनाने उमगले. आपल्या देशात १९६१ साली म्हैसूरला संरक्षण खात्याची अन्न-संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. हिमालयात पहारा करणाऱ्या जवानास भात, डाळ, भाजी ओळखीच्या चवीची मिळावी, हे तिचे काम. प्लॅस्टिक व ॲल्युमिनियम यांच्या थरांच्या पाकिटात शिजलेले अन्न बंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. रोगजंतू मरतात, बाहेरचे आत येत नाहीत, आणि शीतकपाटावाचून ते अन्न महिनोन् महिने टिकते. दुकानांत ‘तयार जेवण’ म्हणून जी पाकिटे दिसतात त्यांतील पुष्कळशी याच विद्येची संतती होत. ती न तापवताही खाता येतात, हे अनेकांस ठाऊक नसते.

या सर्वाची गरज आपल्याला खरोखर आहे काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरी गाड्या थांबल्या, वीज गेली, असंख्य माणसे जेथे होती तेथेच रात्रभर अडकली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्या जिल्ह्यातील कित्येक गावे पुढे दिवसेंदिवस अंधारात होती. त्याआधी थोडेच दिवस, मे महिन्यात, साथीमुळे तुर्भ्याचे घाऊक बाजार आठवडाभर बंद ठेवावे लागले होते. कोठाराच्या दारातल्या शहरालाच कोठार बंद झाल्याचा अनुभव आला. आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घरांत शिरले. साडेतीनशे वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या साठ्याची चिंता जेथे पत्ररूपाने पोहोचली, तेच हे चिपळूण.

तेव्हा निवड कशी करावी? आपत्तिकाळासाठी निदान तीन दिवसांचा शिधा व पाणी घरात असावे, असे जगभर सांगितले जाते. चार माणसांच्या कुटुंबास २ किलो पोहे, १ किलो सातूचे पीठ, १ किलो फुटाणे, १ किलो गूळ व १ किलो भाजलेले शेंगदाणे एवढे पुरे. हे सारे ६ किलो होते. माणशी दिवसाला अर्धा किलो, सुमारे २,००० उष्मांक. यांपैकी कशालाही चूल लागत नाही. चवीस मेतकूट, थोडा खाकरा, आणि हवी तर तयार जेवणाची काही पाकिटे जोडावी. पाणी माणशी रोज ४ लिटर धरले तर तीन दिवसांस ४८ लिटर होते. फार तिखट-खारट पदार्थ या साठ्यात नकोत, ते तहान वाढवितात. घरात तान्हे मूल, दात नसलेले आजोबा किंवा मधुमेही आजी असतील तर त्यांना चालेल तेच आधी ठेवावे. कुटुंबातील सर्वांत अशक्त माणूस हे या साठ्याचे माप होय.

जपणुकीचे शत्रू आमच्या खाडीकाठी दोन: दमट हवा आणि उष्मा. पोहे सादळतात, शेंगदाण्यास व तळलेल्या चिवड्यास खवट वास येतो, पत्र्याचा डबा गंजतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या वा काचेच्या बरण्या घ्याव्या. शेगडीपासून व उन्हापासून दूर ठेवाव्या. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जमिनीलगत काही ठेवू नये. बुरशी दिसली तर वरवर पाखडून घेऊ नये, टाकून द्यावे. फुगलेले वा गळणारे पाकीट उघडूनही पाहू नये. उघडलेले पाकीट एका बैठकीतच संपवावे.

परंतु सर्वांत मोठा शत्रू विस्मरण हा होय. भीतीच्या भरात आणलेले व मग विसरलेले अन्न वर्षाने काढावे तो किडलेले निघते. म्हणून जे घरात एरवी खाल्ले जाते तेच ठेवावे, जुने आधी खावे, खाल्ले तितके नवे भरावे. जपानात भूकंपासाठी घरोघरी हीच पद्धत शिकवितात. आपण त्याला आगोट म्हणू. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत एकदा डबे रिकामे करून भरले, म्हणजे निराळे वेळापत्रक नको.

नवी मुंबईच्या रचनेतच या गोष्टीचा दाखला आहे. भरतीच्या पातळीहून सखल जमिनीवरील वसाहतींसाठी येथे धारण तलाव बांधलेले आहेत. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यांत थांबते व ओहोटीला समुद्रात जाते. गाळ साचून व खारफुटी वाढून त्यांची धारणशक्ती घटल्याची तक्रार कित्येक वर्षे ऐकू येते. संकटासाठी राखलेली जागा सुकाळात साफ ठेवली नाही, तर ती ऐनवेळी कामास येत नाही. तलावाचे जे, तेच डब्याचे.

शेवटी साठा आणि साठेबाजी यांतील अंतर सांगितले पाहिजे. संकट आल्यावर दुकानाकडे धावून जो दहा पिशव्या उचलतो, तो मागे उभ्या असलेल्या नऊ जणांच्या ताटातले उचलतो. रोजंदारीवर जगणाऱ्यास आधी साठविता येत नाही. त्याला त्याच दिवशी दुकान भरलेले लागते. ज्याला सवड व ऐपत आहे त्याने सुकाळात, थोडे थोडे करून, ६ किलो बाजूस ठेवले, तर अवकाळात तो रांगेत उभा राहत नाही, आणि त्याची जागा गरजवंताला मिळते. आपल्या बेफिकिरीची झळ रयतेस लागू नये, हे चिपळूणच्या पत्रातले मर्म आजच्या गृहस्थासही लागू आहे. यंदाच्या मृगापूर्वी आपण आपल्या फडताळात एक डबा त्यासाठी मोकळा करावा, आणि शेजारच्या एकट्या वृद्धेस पुरेल इतके त्यात अधिक घालावे, एवढी विनंती करून हे भाषण पुरे करतो.